जना, तुझं गाव उघडत नाहीये

जना,

तुझं गाव उघडत नाहीये रे. परवा हेच तुला सांगावंसं वाटलं.

तेरावं उरकलं, मांडव उतरला, पाहुणे आपापल्या वाटेला लागले, आणि लगेच चिंचखार बंद पडलं. म्हणजे खरं चिंचखार नव्हे. ते तर कधीच विमानतळात गेलं. तुमच्या मारुतीच्या देवळाच्या जागी आता धावपट्टी आहे, आणि तिच्यावर उतरणाऱ्या कुठल्याही पायलटला आपण कोणाच्या ओटीवर चाकं टेकवतोय याची कल्पना नाही. मी म्हणतोय ते दुसरं चिंचखार. तू फोनमध्ये वसवलेलं. बोट लावलं की उघडायचं ते. परवा बोट लावलं तर पांढरं पान आलं, इंग्रजीत सांगणारं की असा पत्ता अस्तित्वातच नाही.

तू गेलास हेच मला अजून नीट कळलेलं नाही. मधेच तुला फोन लावतो आणि रिंग वाजायला लागली की आठवतं. त्यात हे दुसरं. तू नाहीस हे समजून घेऊ, की तुझं गाव का गेलं हे? बरं, असल्या गोष्टी विचारायचो कोणाला, तर तुला. म्हणून तुलाच विचारतोय.

वाचणाऱ्यांना सांगायला हवं, मी सुकापूरचा मधू, जमिनींचा एजंट. माझ्याबद्दल पनवेलीत दोन मतं नाहीत. सगळ्यांच्या मते मी थापाड्या आहे. मी विकलेला प्रत्येक फ्लॅट स्टेशनपासून पाच मिनिटांवर असतो. त्यातले काही फ्लॅट असे आहेत की तिथून स्टेशनला निघालेला माणूस वाटेत दाढी वाढवून पोचतो. आपण पहिल्यांदा भेटलो तेव्हा मी तुला कामोठ्यातला फ्लॅट दाखवत होतो, आठवतं? गाव उठलं होतं, तू आईला आणि वहिनींना घेऊन जागा शोधत फिरत होतास. मी म्हटलं, "गॅलरीत उभं राहिलं की कर्नाळ्याचा सुळका हाताला लागतो. मागच्या भाडेकरूने त्यावर टॉवेल वाळत घातलावता."

तू शांतपणे म्हणालास, "अर्धं कर."

"म्हणजे?"

"टॉवेल राहू दे. सुळका काढ."

माझ्या धंद्यात असं कोणी बोललं नव्हतं. लोक एकतर विश्वास ठेवतात किंवा शिव्या देतात. तू मधलाच रस्ता काढलास. पुढे तुझा नियमच झाला. मधुशेठच्या गोष्टीतलं जनावर अर्धं करायचं, आणि रस्ता पाचपट. आपट्याला तुझ्या मावशीकडे गेलो होतो तेव्हा पाताळगंगेत मला मासा दिसला. तो पाण्यातून वर आला तेव्हा पलीकडच्या काठावर सावली पडली, गुरं घरी परतायला लागली. तू म्हणालास, "अर्धं कर." मी म्हटलं, "बरं, म्हशी परतल्या, गाई थांबल्या." तू हसलास. तुझं ते हसणं सुरू व्हायच्या आधी नाकातून एक फुस्स यायचं. ते आता कुठे शोधू?

आपट्याला आपण माशासाठी गेलो नव्हतो. तुझी आय धवलारीण. लग्नात धवले गाणारी, गाऊन देवांना बोलावणारी बाई. चिंचखारातलं एक लग्न तिच्याशिवाय लागलेलं नाही. गाव गेलं, माणसं कामोठ्यात, करंजाड्यात, उलव्यात, जिथे मिळेल तिथे गेली. हळदीला डीजे आला. आयला बोलावतात ते पाया पडायला, गायला नाही. तू ठरवलंस की सगळे धवले रेकॉर्ड करायचे. आयचे, आणि आपट्याच्या मावशीला येणारे. प्रत्येक धवल्याच्या आधी तू बोलायचास. हा कोणत्या आळीतला, कोणाच्या लग्नात, कोणत्या घराच्या मांडवात, त्या घराला लागून कोणाचं घर, त्याच्या परसात काय होतं. तू गाण्याच्या नावाखाली अख्खं गाव घर-घर करून बोलून ठेवत होतास, हे मला फार उशिरा कळलं.

एका धवल्यात मी शिंकलो. देव ऐन मांडवात उतरत होते आणि मी शिंकलो. साधी शिंक नव्हती, मावशीच्या छपराची दोन कौलं... बरं, एक कौल हललं. मागून तुझं ते फुस्स, आणि हसणं. मी म्हटलं, काढून टाक ते. तू म्हणालास, "राहू दे. तुझं तेवढं एकच खरं हाय."

मग प्रश्न आला, ठेवायचं कुठे. कॉम्प्युटर हे तुझं काम, तू मला समजावलंस की क्लाउड म्हणजे ढग नव्हे, दुसऱ्या कोणाची तरी गोडाऊनं असतात. त्यात आपण एक बकेट घ्यायची, बादली, आणि त्यात वस्तू टाकायच्या. गाणी, फोटो, काहीही. मी विचारलं, "गोडाऊन कुठे आहे?" तू म्हणालास, "ते आपल्याला बघायचं नसतं." मी म्हटलं, "जागा न बघता व्यवहार? जना, हे मी शिकवतो लोकांना!"

पण बादलीला तिच्या मालकांनी दिलेला पत्ता हातभर लांब. अक्षरं, आकडे, रेघा. तो आयच्या फोनमध्ये टाकून काय उपयोग? तुला पत्त्यावर चिंचखार लिहिलेलं हवं होतं. नुसतं चिंचखार, टिंब आणि पुढचं ते शेपूट. म्हणून नाव विकत घ्यायचं ठरलं. डोमेन.

आणि तिथे तुमच्या गावाने आपलं गावपण दाखवलं. नाव कोणाच्या नावावर घ्यायचं? वरल्या आळीच्या की खालच्या? गाव उरलं नव्हतं, आळ्या उरल्या नव्हत्या, पण भांडण सहीसलामत होतं. ते पुनर्वसनात आधी आलं असावं. नव्या देवळात बैठक बसली. तू वरल्या आळीचा, म्हणून खालच्या आळीला तू चालत नव्हतास. खालच्या आळीचा मास्तर तुझ्या लोकांना चालत नव्हता. मी कोपऱ्यात शेंगदाणे खात होतो, माझा संबंध चहापुरता.

शेवटी एक म्हातारा उठला आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "याच्या नावाव करा."

"मधूच्या? एवडा खोटारडा माणूस!"

"म्हनूनच. त्याच्याव वरल्या आळीचा बी विश्वास नाय न् खालच्या आळीचा बी नाय. दोगांचा सारखाच नाय. मंग भांडान कसला?"

टाळ्या पडल्या. अशा रीतीने एक आख्खं गाव माझ्या नावावर झालं. मी महिनाभर गिऱ्हाइकांना सांगत होतो, "तुम्ही वन बीएचके बघताय, माझ्या नावावर गाव आहे." परतताना गाडीत तू म्हणालास, "खोटं बोलतोस, पण कोनाचं खाल्लं नाहीस." मी लगेच काहीतरी पांचट बोलून ते उडवून लावलं. जना, मला इतकी वर्षं कोणी खरा धरलं नव्हतं. तू गाव दिलंस हातात. त्या वेळी गप्प बसायला हवं होतं मी. तेही जमलं नाही.

पुढचा घोळ बादलीच्या नावाचा. तू सांगितलंस, गावाचं नाव दारावर लावायचं तर आत बादलीचं नावही हुबेहूब तेच लागतं, आणि जगात एका नावाची एकच बादली. आणि चिंचखारची बादली कोणीतरी आधीच घेऊन ठेवलेली! कोणी? तुझा संशय खालच्या आळीवर. मी म्हटलं, ब्राझीलमध्ये नदीकाठी चिंचखार नावाचंच गाव आहे, तिथेही मिठागरं आहेत, आणि लोक हळदीला रात्रभर नाचतात. तू म्हणालास, "अर्धं कर." मी म्हटलं, "बरं, मग पेणच्या पुढे असेल."

ती बादली कोणाची ते शेवटपर्यंत कळलं नाही. पण मी तुला तेव्हाच म्हटलं होतं, "जना, मधे एजंट टाक. दारावर पाटी घेऊन तो उभा राहील. येणारा त्याला चिंचखार विचारेल, तो मागे जाईल, ज्या नावाची बादली असेल तिच्यातून माल काढून देईल. येणाऱ्याला बादलीचं नाव कशाला कळायला हवं?"

तू किती चिडलास. "तुला जिथे तिथे एजंट दिसतो!"

पुढच्या आठवड्यात तू नेमकं तेच केलंस. दुसऱ्या नावाची बादली घेतलीस आणि मधे एक सर्व्हिस बसवलीस. तिला तू इंग्रजीत काहीतरी तीन अक्षरी म्हणायचास. मी म्हटलं, "म्हणजे एजंट." तू म्हणालास, "एजंट नव्हे." मी म्हटलं, "मग काय करते ती?" तू म्हणालास, "दारात उभी राहते, मागून आणून देते." मी म्हटलं, "कमिशन घेते?" तू म्हणालास, "थोडं." आणि तरी एजंट नव्हे! हा वाद आपला अर्धा राहिलाय. मी तो सोडलेला नाही, एवढं ध्यानात ठेव.

तर परवा सकाळी आयचा फोन. वहिनींनी लावून दिलेला.

"मधू, आरं जना बोलत नाय."

ही काय बोलतेय? हिला कोणी सांगितलं नाही की काय? हिच्या डोळ्यांसमोर तर सगळं झालं.

"सकालपासून दाबतंय. बोलतच नाय. काल बोलत व्हता."

तेव्हा उलगडलं. तू गेल्यापासून आय रोज तुझं चिंचखार लावते. तिचे डोळे अधू, वहिनींनी बोटाला सवय करून दिलीय, कुठे दाबायचं ते. तिला स्वतःचे धवले ऐकायचे नसतात. ते तिला पाठ आहेत. ती त्याआधीचं तुझं बोलणं ऐकते, आणि धवला सुरू झाला की थांबवून पुढच्याकडे जाते.

मी कामोठ्याला आलो. वाटेत तीनदा चुकलो, मी, ज्याने ते सेक्टर विकलेत. तुझ्या घरात तुझी चप्पल अजून दाराशीच आहे. मी दारातून नेहमीची हाक मारणार होतो, "आहे का घरात पाटील?" आणि थांबलो. आहेस म्हणायचं की होतास, हे माझ्या तोंडाला अजून ठरवता येत नाही.

मी ताडकन निदान केलं. "गोडाऊनवाल्यांनी माल फेकला." वहिनींनी तुझा लॅपटॉप उघडला. बादलीची किल्ली तू त्यांना दिली होतीस, हे मला माहीत नव्हतं. आत बघतो तर सगळं जागच्या जागी. वरली आळी, खालची आळी, मावशी, मांडवांचे फोटो. त्यांनी तिथूनच एक फाइल लावली आणि तुझा आवाज आला. मी खुर्चीत बसलो. माल आहे. आवाज आहे. मग गाव का नाही?

मी म्हटलं, "मग एजंटाने दगा दिला. मी जनाला सांगितलं होतं..." तोही जागेवर होता बिचारा. मधे उभा. फक्त त्याच्या हातातली पाटी गेली होती.

"नाव गेलंय, भाऊजी," वहिनी म्हणाल्या. "मुदत संपली. नाव दर वर्षी पुन्हा घ्यावं लागतं ना."

मी उठून उभा राहिलो. "खालची आळी! मी त्या मास्तराला..."

"भाऊजी, नाव तुमच्या नावावर आहे."

जना, सुकापुरात मला गप्प करणारा माणूस अजून जन्मायचाय असं मी सांगत असतो. तो जन्मलाय. तुझ्या स्वयंपाकघरात पोळ्या करतो.

फोन काढून बघतो तर मेसेजची रांग. आपल्या नावाची मुदत संपत आहे, शेवटची आठवण, ताबडतोब रिन्यू करा, लिंकवर दाबा. सगळे मी चोरांचे समजून उडवलेले. आणि का समजलो? कारण तूच बजावलं होतंस. मागे मला बँकेच्या नावाने कोणीतरी फसवत होता तेव्हा तू म्हणाला होतास, "ताबडतोब म्हणनारा प्रत्येक मेसेज चोर. लिंकला बोट लावशील तर बोट तोडीन." तुझं मी आयुष्यात एकच ऐकलं, आणि त्यानेच तुझं गाव बुडवलं.

पण मग आधीच्या वर्षी कसं चाललं? हे कोडं मी तिथे बसून सोडवत होतो, आणि मला तुझी भाकरी आठवली. आंबा संपत आला की दर वर्षी तू माझ्या ऑफिसला यायचास, तांदळाची भाकरी आणि जवळ्याची चटणी घेऊन. मी खायला बसलो की म्हणायचास, "फोन दे इकडं." मी द्यायचो. "आता आकडा येईल, वाच." माझे दोन्ही हात बरबटलेले, मी मान वाकवून वाचायचो. तू काहीतरी करून फोन परत द्यायचास आणि म्हणायचास, "झालं. खा." काय झालं, हे मी कधी विचारलं नाही. मला वाटायचं, मित्र जवळा घेऊन आलाय. तू गावाचं नाव वर्षभरासाठी पुढे ढकलून जायचास. मला सांगितलं का नाहीस? सांगितलं असतंस तर मी पनवेलभर गाजवलं असतं म्हणून? की तुला यायला कारण हवं होतं? मला खरंच कळत नाही, जना. भाकरी आकड्यासाठी होती, की आकडा भाकरीसाठी?

वहिनींनी सांगितलं, अजून थोडी मुदत आहे. जुन्या मालकाला सवलत असते. ती गेली की कोणीही घेऊ शकतो. मोकळी जागा पडली की सकाळी तिला दुसऱ्याचं कुंपण असतं, हे मला कोणी सांगायला नको. कोणीतरी बिल्डर चिंचखार हाइट्स काढेल, आणि आय बोट दाबेल तेव्हा तिला स्विमिंग पूल दिसेल.

वहिनींनी लॅपटॉपवरून पैसे भरले. "आकडा आला का, भाऊजी?"

"आला. ऐका..."

"आहे तेवढाच वाचा. वाढवू नका."

मी वाचला. आयुष्यात पहिल्यांदा काही जसंच्या तसं वाचलं. नाव परत आलं. मी ओरडलो, "आय, झालं!" तिने बोट दाबलं. पांढरं पान.

पुन्हा दाबलं. पांढरं पान.

वहिनी म्हणाल्या, नाव आलं तरी ते सगळीकडे पोचायला वेळ लागतो, जगभरच्या यंत्रांना कळावं लागतं. मला हे अजिबात समजलं नाही. नाव इथे, माल तिथे, एजंट मधे, तिघेही हजर, आणि गाव गैरहजर? मी आयला काय सांगणार? तर आयच मला समजावायला लागली.

"मांडवात देवांची नावं घेतो ना आमी, नाव घेतला का देव लगीच येतंय काय? लांबशी यायचा असतंय त्याला. गात ऱ्हावाचा. जेव तू."

जेवलो. दुपार कलली. वहिनी पापड आवरत होत्या. आय फोन मांडीवर घेऊन बसली होती आणि मधूनमधून बोट दाबत होती, न चिडता, दार वाजवावं तसं. आणि अचानक खोलीत तू बोललास.

"रामराम. यो आमचा चिंचखार. आता आपन वरल्या आळीत शिरतोय. उजव्या हाताला पयला घर..."

तू एकेक घर सांगत चाललास. आणि या वेळी आयने धवला थांबवला नाही. तो सुरू झाला, आपट्याच्या मावशीचा आवाज, देव एकेक करून मांडवात यायला लागले, आणि मागून मी शिंकलो. फुस्स, आणि तू हसलास. आयही हसली.

धवला संपला. आयने फोन डोळ्यांसमोर धरला, त्याच्याकडे अधू डोळ्यांनी बघितलं आणि मला विचारलं,

"मधू, तुला सगले पत्ते ठाव. यो कुठशी बोलतंय रं?"

काय सांगू? गोडाऊन सांगू? बादली? ढग नव्हे, हे तूच सांगितलंस. मग कुठे? मी आयुष्यभर लोकांना पत्ते सांगितले, नसलेल्या बागा दाखवल्या, न झालेल्या रस्त्यांवरून गाड्या नेल्या. इथे मला एक धड जागा सुचेना. शेवटी धंद्यातलं होतं तेच तोंडातून गेलं.

"जवळच, आय. पाच मिनिटांवर."

आयने मान माझ्याकडे वळवली. तुझी आय ती. तुझा नियम तिला तुझ्याआधी माहीत असणार.

"तू पाच मिंटं बोललास," ती म्हणाली, "म्हंजे लईच लांब हाय."

मग फोन माझ्या हातात दिला.

"लाव परत."